वीतभर अंतर

रंगमंचावरची थप्पड गालापासून वीतभर लांबून जाते. आवाज मार खाणाऱ्यानेच छातीपाशी टाळी वाजवून काढायचा असतो. शुक्रवारच्या स्पॅनिश प्रयोगात रेमेदिओसने टाळी वाजवलीच नव्हती, तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तिच्या तोंडात रक्त आलं आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

नाटकातला नवरा तिचा खराच नवरा होता, आन्सेल्मो. “काय जिवंत काम करतो गं तुझा नवरा!” न्यू मेक्सिकोतल्या त्या गावातले नाट्यमहोत्सवाचे स्वयंसेवक खुर्च्या मांडताना आजही तेच म्हणत होते. घरी तो अकरा वर्षं मारत होता, पण दारं लावून.

आज दुपारी तेच नाटक इंग्रजीत होतं. पडदा उघडण्याआधी मारामारी एकदा हळूहळू करून बघायची, ही दोन्या इनेसची, म्हणजे इनेसबाईंची, शिस्त. ही म्हातारी स्वयंसेविका आधी दोघांनाही विचारायची, “तयार?” दोघांचं ‘हो’ आल्याशिवाय कुणी हात उचलायचा नाही.

“हो,” आन्सेल्मो म्हणाला.

रेमेदिओस एक पाऊल मागे सरली. त्याने हसत तिचं मनगट धरलं आणि हाडावर हाड घासेपर्यंत पिळलं. “हो म्हण की, राणी. लोक थांबलेत.”

इनेसची नजर तिच्या सुजलेल्या ओठावर थांबली. “मी तुला विचारतेय, पोरी. तयार?”

रेमेदिओसने मनगट हिसकावून घेतलं.

“नाही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाली. “आणि मी तुझ्यासोबत घरीही येणार नाही.”