नवव्या कागदावरचा तलाव

"हेबी नाही चालत," म्हणत बुधाजींनी कागद परत सरकवला. "शालिकराम, हे राक्षसाचं राज्य हाय का तलाठ्याचं दप्तर?"

शालिकरामने आठवा कागद गुंडाळला. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात बुधाजींचा छापखाना होता. यंदा दिवाळीच्या सुटीसाठी त्यांना मुलांचा खेळ काढायचा होता. एका काल्पनिक राज्याचा मोठा रंगीत नकाशा, त्यावर घरं, आणि फासे टाकत राजपुत्राला सोडवून आणायचं. शालिकराम अकरा वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशेच काढत होता. त्याच्याहून चांगला माणूस अकोल्यात कुठे मिळणार?

आणि तिथेच घोडं अडलं होतं. त्याची राक्षसाची गुहा बांधावरच्या दगडासारखी दिसे. जंगलातली झाडं शहाण्यासारखी रांगेत उभी राहत. परवा तर राजवाड्याशेजारी त्याने सवयीने उत्तर दिशेचा बाणही काढून ठेवला होता. स्वतःच्या हाताचा इतका राग त्याला कधीच आला नव्हता.

"मंग काढू तरी काय?" तो वैतागून म्हणाला. "जे नाही ते मले दिसतच नाही!"

"तुह्या गावात काय नाही?"

"पाणी."

"मंग तेच काढ ना बापा! गाव तुहंच घे, अन् त्यात जे नाही ते टाक."

शालिकराम पुलावरून परतला तो पाण्याचाच विचार करत. अकोटकडे त्यांचं आठ एकर काळं वावर होतं, बापजाद्यांपासूनचं. विहीर तेवढी नव्हती. कचेरीचा त्याला वीट आला होता. विहीर खणायची, संत्री लावायची आणि साहेबाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, एवढीच त्याची इच्छा होती. नकाशा पसंत पडला तर दरवर्षीचा खेळ त्याच्याकडेच द्यायचं बुधाजींनी कबूल केलं होतं, आणि त्यावर विहीर होणार होती. शेजारचा नत्थुजी ते वावर कधीपासून मागत होता. पण वडील, भगवंतराव, विकण्याचा विषय काढला की उठूनच जात.

ते भगवंतराव नेमके चार दिवसांसाठी जठारपेठेतल्या त्याच्या खोलीवर आले होते.

"यष्टीत लोक बोलून राहिले होते," चहा फुंकत ते म्हणाले. "डोंगराकडं धरणाची मोजणी करून गेले म्हणतात."

"हूं," शालिकराम म्हणाला. त्याचं लक्ष कोऱ्या कागदावर होतं.

"कायचा नकाशा हाय हा?"

शालिकरामचे कान तापले. ज्या बापाने पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, त्याला कसं सांगायचं की तुमचा सरकारी नोकर पोरगा पोट्ट्यांचा खेळ रंगवतो आहे? "हापिसातला हाय," तो म्हणाला. शिवाय दुसऱ्या छापखान्याने कल्पना उचलली तर सगळंच मुसळ केरात. "कोणाले सांगू नका बरं, बाबा."

भगवंतरावांनी मान डोलावली. त्यांना अक्षर येत नव्हतं. पण बांधाच्या भांडणांपायी चावडीत अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे नकाशा मात्र ते भल्याभल्यांहून चांगला वाचत. हा नाला, ही पांदण, हे अमक्याचं वावर, असं बोट ठेवून सांगत.

नवव्या कागदावर शालिकरामने गाव जसंच्या तसं घेतलं. नाल्याचं वळण, पांदण, मारुतीचं देऊळ. मग स्वतःच्या आठ एकरांवर त्याने निळा रंग सोडला, या बांधापासून त्या बांधापर्यंत. महिन्याभरात पहिल्यांदा हात मोकळा चालला. खाली त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, 'राक्षसाचा डोह'. खेळाची घरं नंतर छापखान्यातच आखली जाणार होती.

भगवंतराव मागे येऊन उभे राहिले. त्यांनी निळ्या रंगाजवळ बोट नेलं. "इथवर पाणी?"

"हो."

"पक्कं?"

"आता काही बदलत नाही, बाबा. बदलून बदलून जीव गेला माहा."

भगवंतरावांनी चहा अर्धाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने ते निघालेही. मुक्काम अजून दोन दिवस होता. "कपाशीले डवरा द्याचा हाय," एवढंच म्हणाले. शालिकरामला वाईट वाटलं. पण म्हाताऱ्या माणसाला शहरात करमत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

बुधाजी नकाशा पाहून खुर्चीतून उठले. "याले म्हणतात राज्य! असं वाटते का खरंच कुठंतरी असंन."

दिवाळीआधीच अमरावतीच्या दुकानदाराने दुसऱ्यांदा माल मागवला. पुढच्या वर्षीचा खेळ ठरला, त्याच्या पुढच्याही वर्षीचा. त्याच आठवड्यात शालिकरामने साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवला, आणि खेळाची एक पेटी पिशवीत टाकून अकोटची गाडी पकडली. आता सगळं सांगून टाकायला हरकत नव्हती. बाप हसला तर हसू दे.

भगवंतराव ओट्यावर सुतळी वळत बसले होते.

"बाबा, नोकरी सोडली मी," पिशवी खाली ठेवायच्या आतच तो म्हणाला. "आता वावरात विहीर खणू!"

भगवंतरावांनी आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग त्याला जवळ ओढून बसवलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "आता कायची इहीर, येड्या? तू सांगितलं तसं कोणाले एका शब्दानं बोललो नाही मी, नत्थुजीलेबी नाही. पोळ्याच्या आधीच आठही एकराची रजिस्टरी करून देल्ली त्याले. आता येऊ दे सरकारच्या धरणाचं पाणी."