नकाशावरचे पाच ठिपके

पडद्यावर खाणीचा नकाशा होता, माणसं नव्हती.

सकाळी आतलं छत ढासळलं, लिफ्ट मधेच अडकली आणि पाच जण खाली राहिले. त्यातला एक तिचा दादा, बाकीचे त्याच्याच टोळीतले. प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये चिप होती. कोण कुठे आहे ते डॅशबोर्डवर ठिपक्याने दाखवणारं प्लगइन तिनेच लिहिलेलं, आणि नेमकं आजच ते रुसून बसलं होतं.

खाणीत तिला सगळे बटण म्हणत. नाव दादानेच पाडलेलं. प्लगइन पहिल्यांदा साहेबांना दाखवायचं होतं तेव्हा हेल्मेटं आलीच नव्हती. मग तिने आपल्याच मनाचे ठिपके चालवले, गंमत म्हणून दादाच्या टोळीची नावं त्यांना दिली. दादाचा ठिपका बोगद्यात थोडा घुटमळला आणि सरळ वर येऊन कँटीनच्या टेबलाशी बसला. साहेब पोट धरून हसले, काम मंजूर झालं.

"चारचौघांत अब्रू काढलीस माझी," दादा म्हणाला होता.

आता मुकादम तिच्या खुर्चीमागे उभा होता. "पूर्वेला खणू की पश्चिमेला? दोन्हीकडे पुरतील एवढी माणसं नाहीत. मघाशी पश्चिमेकडून ठोकल्यासारखं वाटलं. पण तिकडचे नळही वाजतात. तू सांग."

"थोडं थांबा ना."

"मी थांबेन गं. खालची हवा थांबायची नाही."

दारात वहिनी उभी होती. बटणने काल केलेले बदल काढून टाकले. काही नाही. यंत्र बंद करून चालू केलं. काही नाही. शेवटी तिने सगळंच उपटलं आणि कधीही न अडलेली जुनी प्रत चढवली.

ठिपके आले. पाचही. हिरवे. पूर्वेच्या बोगद्यात.

तिचा जीव भांड्यात पडला. वहिनी धावत आली. "यांचा कुठला गं?"

"हा. चालतोय बघ."

वहिनीने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ढसाढसा रडली.

"पूर्व नक्की ना?" मुकादमाने विचारलं.

"समोर दिसतंय की तुम्हाला."

त्याने फोनवर हुकूम सोडला. पश्चिमेची माणसं, यंत्रं, सगळं पूर्वेला वळलं. थोड्या वेळाने कुणीतरी सांगत आलं, पश्चिमेची ठकठकही बंद झाली. नळच असणार, मुकादम म्हणाला.

बटणने डोळे मिटून मान मागे टाकली. कितीतरी वेळाने तिला नीट श्वास घेता आला. वहिनीची नजर मात्र पडद्यावरून हलत नव्हती.

"अगं, उठ," वहिनी रडता रडता हसली. "वर आले बघ हे. कँटीनमध्ये जाऊन बसलेसुद्धा."