हमीपत्र

कामगार कायद्याच्या तासाला सरांनी लुटुपुटूची वाटाघाट लावली. कारखानदाराच्या मुलाला केलं युनियनचा पुढारी आणि मागच्या बाकावरच्या, एरवी तोंडातून अक्षर न काढणाऱ्या मुलीला केलं मालकीण.

"टाळेबंदी उठवा!" त्याने टेबलावर मूठ आपटली. वर्ग खिदळला.

"उठवते की." तिने वहीतून एक छापील कागद काढून पुढे सरकवला. "आधी या हमीपत्रावर सही. आम्ही चुकलो, पुन्हा संप करणार नाही, केला तर खुशाल हाकला. सही करेल तो आत, बाकीचे गेटबाहेर."

त्याने आवाज चढवला, कायद्याची कलमं फेकली, शेवटी हातसुद्धा जोडून पाहिले. ती ढिम्म. दरवेळी तेच, त्याच थंड आवाजात, "घरची चूल पेटवायचीय ना? मग सही कर."

विसाव्या मिनिटाला तो वैतागला. "घे बाई, एकदाचं! कॅन्टीन बंद होईल," म्हणत त्याने न वाचताच सही ठोकली.

सर खूश. "शाब्बास! काय तयारी आहे! कागदसुद्धा छापून आणलास?"

"छापलेलाच होता, सर."

तिने कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात खोचली.



"तुझ्या बाबांना दाखव. यावर सही करत नाहीत म्हणून माझे बाबा सत्तर दिवस त्यांच्या गेटबाहेर बसलेत."