रिकामी किटली

चौकातल्या स्पीडब्रेकरला पाय अडखळला, किटली हातातून सुटली आणि झाकण उडून घरंगळत डेअरीच्या दारापर्यंत गेलं. दूध काही सांडलं नाही. सांडायला आत काही नव्हतंच. दूध घालायला आलेल्या चार बायकांनी आधी किटलीकडे पाहिलं, मग स्नेहलकडे. झाकण चपलेने अडवलं ते नेमकं रतनबाईंनी, समोरच्या घरातल्या. म्हणजे बातमी आता दिवस मावळायच्या आत घरी पोचणार हे ठरलेलंच होतं.

गेले पाच महिने स्नेहल रोज सकाळी मळ्यातल्या वस्तीवरून दूध आणते, असा गल्लीचा समज होता. तो तिनेच करून दिला होता. घरचं दूध गवळी पहाटे, गल्ली जागी व्हायच्या आतच दारात घालून जायचा. ती जायची नुसती चालायला. प्रवरेच्या कडेने तीन किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं.

शुगर वाढल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा पहिल्या आठवड्यात ती बूट घालून, मोकळ्या हातांनी निघाली होती. जाड होती तेव्हा तिच्या अंगाबद्दल कोल्हारात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. चालायला लागली तसा जो तो तिचं वजन करू लागला. एकीने पोलीस भरतीची चौकशी केली. छगन टेलर म्हणाला, वहिनी, ब्लाऊज आत घ्यायला कधी आणताय? या वयात बारीक होऊन कुणाला दाखवायचंय, असं कुणीतरी तिला ऐकू जाईल इतपतच हळू म्हणालं. आणि दोन किलो उतरले न उतरले तोच रतनबाईंनी भर गल्लीत विचारलं, तोंड का उतरलं गं, साळू उपाशी ठेवती का काय? साळू म्हणजे स्नेहलच्या सासूबाई, साळूबाई. आता घराच्या अब्रूचा प्रश्न आला.

मग तिला किटली सुचली. किटली हातात आली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. कामाला निघालेल्या बाईकडे कोण बघतंय!

आता तिला चालण्याचं वेडच लागलं होतं. शुगरचं तर ती कधीच विसरून गेली होती. तिचं माहेर पुणतांब्याचं. शाळेत असताना ती आणि तिच्या चार मैत्रिणी गोदावरीच्या काठाने दप्तरं उडवत पळत जायच्या. कुठे निघाल्या, कशाला पळता, असं कुणी विचारायचं नाही. लग्न झालं, दोन पोरं झाली, आणि ती पळणारी पोर कुठे राहिली ते कळलंच नाही. नदीच्या वाटेवर तासभर ती पुन्हा भेटायची. कधी कधी आजूबाजूला कुणी नसलं की स्नेहल वीस-पंचवीस पावलं पळूनही घ्यायची आणि एकटीच हसायची.

तो तास आता जाणार होता. नुसता तासच जाता तरी एक वेळ चाललं असतं. रिकामी किटली घेऊन बाई रोज सकाळी जाते कुठे, याचं उत्तर गाव स्वतःच शोधणार होतं, आणि ते चालण्याइतकं साधं नसणार हे तिला पक्कं माहीत होतं.

दुपारी रतनबाई आल्याच. पुढच्या खोलीचं दार ओढून दोघी म्हाताऱ्या दोन तास बसल्या. स्नेहल मागच्या मोरीत तेच तेच कपडे धूत राहिली. रतनबाई गेल्या तेव्हा साळूबाईंचे डोळे लाल होते. त्या चहाही नको म्हणाल्या. त्यांच्या रागाला सगळी गल्ली वचकून असायची, स्नेहलचा नवरा वैजनाथ तर त्यांचा पोटचा पोरगा असूनही.

संध्याकाळी दोघी मेथी निवडायला बसल्या. रिकामी किटली घेऊन रोज जातेस तरी कुठे, असं साळूबाईंनी मान वर न करता विचारलं. स्नेहलने खरं ते सांगून टाकलं. वाट, नदी, पुणतांबा, सगळं. साळूबाई ऐकत राहिल्या.

"उद्यापास्नं ती किटली न्यायची न्हाई," त्या म्हणाल्या.

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मान खाली घालून "बरं, आत्या," म्हटलं.

"वैजू रांगत हुता तवा आपल्या दारात नळ आला. त्याच्यापुढं बी सात वर्सं मी नदीलाच पान्याला जात हुते."

स्नेहलला काही उमगेना. मेथी बाजूला सारून साळूबाई सांगत गेल्या. नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही, असं त्यांनी आपल्या सासूला पटवलं होतं. डाळ छान शिजायची. पण नदीला तेव्हा बारा महिने पाणी होतं. हंडा पालथा घालून पोटाशी धरायचा आणि लुगड्यासकट पार पलीकडे पोहत जायचं. संगतीला एकजण असायची. दोघी पैजा लावायच्या. पुढे बायका बोलू लागल्या, साळू उन्हानं काळी पडली, हिचे दंड गड्यासारखे झाले. एक दिवस सासूने हातातला हंडा काढून घेतला. त्यानंतर त्या कधी पाण्यात उतरल्या नाहीत. एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि त्या चक्क हसल्या.

"तू जा. मोकळ्या हातानं जा. कुनी बोललं तर माज्याकडं धाड."

स्नेहलने भीत भीत विचारलं, "मग रतनमावशी दुपारी काय सांगत होत्या?"

"ती काय सांगती! दुसरा हंडा तिचाच हुता. उद्या जरा हळू चाल, तिचे गुडघे दुखत्यात."