उष्टी प्लेट

गच्चीवरच्या हॉटेलात टेबलावर मेणबत्ती होती, खाली हुसेनसागर तलाव आणि त्यात उजेडात न्हालेला बुद्धाचा पुतळा. हैदराबादेत नोकरी करणाऱ्या लेकीनं लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला आईबाबांसाठी ही जागा ठरवली होती. उदगीरचे विश्वंभर गुरुजी मात्र घरच्यासारखेच मान खाली घालून जेवले. बिर्याणी संपवून, बोटं चाटून त्यांनी वर पाहिलं. सिंधूबाईंची प्लेट कोरीच होती.

"तू जेवली नाहीस?"

"तुमचं व्हायचं होतं ना," म्हणत सिंधूबाईंनी स्वतःची प्लेट बाजूला सारली, नवऱ्याची उष्टी ओढली आणि त्यातच भात वाढून घेतला.

शेजारच्या टेबलावरची पोरगी टक लावून बघू लागली. गुरुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं, अक्कल गहाण टाकलीस का? लोक बघायलेत!"

सिंधूबाईंचा घास हातातच राहिला. "अवो, लग्न होऊन आले त्या दिवशी तुमच्या आईनं मला तुमच्याच उष्ट्या ताटात जेवायला बसवलं. तुम्ही समोरच होता की. तेव्हा नाही वाटली लाज?"

शाळेत दर आठ मार्चला बायकांच्या हक्कांवर भाषण ठोकणाऱ्या गुरुजींची मान खाली गेली. त्यांनी कोरी प्लेट तिच्यापुढे ठेवली, वाढायचा चमचा उचलला. "किती वाढू?"

"घाला की अंदाजानं."

चमचा हवेतच थांबला. त्या पहिल्या दिवसानंतर तीस वर्षांत त्यांनी तिला जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं.