चौसष्ट सह्या

पाटी वाचून इस्राएल किहीमकरांनी गाडी पंपाशी उभी केली, पण काच खाली केली नाही.

'एक डिसेंबरपासून सेल्फ-सर्व्ह. नवं व्यवस्थापन.' खाली एका हसऱ्या बाईचं चित्र होतं आणि तिच्या हातात पंपाची नळी.

ग्रेगरीनं काचेवर टकटक केलं. "शब्बाथ शालोम, अंकल. फुल्ल?"

"ही काय भानगड आहे?"

"कंपनीनं लावलीय," म्हणत तो टाकीचं झाकण फिरवायला मागे गेला.

टोरांटोच्या एटोबिको भागातल्या या पेट्रोल स्टेशनवर किहीमकर अकरा वर्षं दर शुक्रवारी यायचे, बायको सिबिल घरी शब्बाथचे दिवे लावायच्या आत. ग्रेगरी परेरा वसईचा. पेट्रोल भरता भरता तो बॉनेट उघडून ऑइल बघायचा, चाकांची हवा बघायचा, काच पुसायचा आणि या सगळ्यासोबत पाचेक मिनिटं मराठी बोलायचा. घराबाहेर आठवड्याला तेवढीच मराठी किहीमकरांच्या वाट्याला यायची.

त्यांनी काच खाली केली. "माझे आजोबा कोकणात तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी शब्बाथ, घाणा बंद, म्हणून लोक आम्हा यहुद्यांना शनवार तेली म्हणत. पण गिऱ्हाइकाच्या हातात माप देऊन 'घे तुझं तू ओतून' म्हणणारा तेली आमच्यात कधी झाला नाही."

ग्रेगरी हसला. "सोप्पं असतं, अंकल. मी दोनदा दाखवीन. तिसऱ्यांदा तुम्हीच मला शिकवाल."

"आणि तुझं काय?"

"बघू. काचेच्या आत बसून पैसे घ्यायला माणूस लागेलच की." त्यानं बोटांवर फुंकर मारली. थंडीनं पेरं भेगाळली होती.

"नवं व्यवस्थापन म्हणजे कोण?"

"अजून पक्कं नाही काही."

पलीकडे तांबड्या टायचा एक तरुण टेप घेऊन जमीन मोजत होता. किहीमकरांनी त्याला नीट बघून घेतलं. ग्रेगरीकडून याहून जास्त कळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पक्कं होईपर्यंत हा माणूस तोंड उघडत नसे. मुलीचं लग्न ठरलं तेही त्यानं चर्चमध्ये नावं पुकारल्यावरच सांगितलं होतं.

घरी येऊन ते सिबिलला म्हणाले, "टायपिंग मशीन काढ."

"आत्ता? दिवे लावायचेत."

"मग रविवारी."

रविवारी त्यांनी कंपनीला धाडायच्या अर्जाचा मजकूर सांगितला आणि तिनं टाइप केला. 'ज्याला काचेच्या खोक्यात बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बर्फात राबवायचं आहे, त्याला कष्टाची सवय नाही आणि धंद्याची लाज नाही. अशा ऐतखाऊच्या हाती हे स्टेशन देऊ नये.'

सिबिलनं हात थांबवले. "माणूस ठाऊक नाही आणि ऐतखाऊ?"

"पाहिलाय मी. तांबडा टाय लावून फिरतो."

"तुम्ही नक्की कोणासाठी भांडताय हो? ग्रेगरीसाठी की स्वतःचे हात गार पडू नयेत म्हणून?"

"दोन्हीसाठी. लिही तू."

किहीमकर म्हणजे जेवताना पाहुण्यांच्या पंगतीत मीठसुद्धा न मागणारा माणूस. पण पुढचे दोन आठवडे ते स्टेशनच्या कोपऱ्यावर सह्यांचा कागद घेऊन उभे राहिले. प्रत्येक गाडीजवळ जाताना वाक्य मनात दोनदा घोळवायचं आणि तरीही ते अडखळायचंच. रात्री झोप यायची नाही. आपल्याला कोणी हसलं असेल का? सकाळी पुन्हा तिथेच. अकरा वर्षं ज्यानं आपली काच पुसली, त्याच्या पोटावर पाय येताना गप्प बसायचं? एकदा एक बाई म्हणाली, "मला चालेल सेल्फ-सर्व्ह." किहीमकर लाल झाले. तिला त्यांनी ग्रेगरीची पेरं दाखवली. बाईनं सही केली.

ग्रेगरी अधूनमधून त्यांना कॉफी आणून द्यायचा. "राहू द्या ना, अंकल. थंडी आहे."

"तू सही करतोस?"

"मी कशी करू?"

"बरोबर. नोकरीवर येईल. तू यात पडूच नकोस."

दुसऱ्या शुक्रवारी तो काच पुसता पुसता थांबला. "अंकल, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. घरी येऊ का? बायकोलाही आणतो."

"एक शब्द बोलू नकोस. आभारबिभार काही नकोत. आपल्या माणसासाठी एवढंही करायचं नाही?"

"तसं नाही, अंकल..."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. अंधार पडत आला होता आणि सिबिल वाट बघत असणार. किहीमकरांनी गाडी सुरू केली. चौसष्ट सह्यांचा लखोटा त्याच सकाळी पोस्टात पडला होता.

तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. ग्राहकांच्या भावनांचा आदर करून या स्टेशनवर पूर्वीचीच सेवा चालू राहील, असं त्यात होतं. सिबिलनं ते दोनदा वाचलं. "जिंकलात की हो," ती म्हणाली. सबंध जन्मात आपण काही जिंकल्याचं किहीमकरांना आठवत नव्हतं.

शुक्रवारी ते नेहमीपेक्षा तासभर आधी निघाले. पाटी गेली होती. बर्फ भुरभुरत होता. ग्रेगरी टोपी कानांवर ओढून आला.

"शब्बाथ शालोम, अंकल. फुल्ल?"

"आधी हे वाच."

त्यानं हातमोजा काढला, उभ्या उभ्या पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं. मग टाकी भरली, ऑइल बघितलं, चारी चाकं बघितली. काच पुसायला त्याला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला.

"काहीच बोलत नाहीस?"

"मलाही आलंय एक," ग्रेगरी म्हणाला. "मंगळवारी."

"बघ. म्हणजे तुलाही कळवलं त्यांनी. दाखव की."

"राहू द्या, अंकल."

"अरे, दाखव. लाजतोस काय माझ्यासारखा?"

ग्रेगरीनं कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. किहीमकरांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं, मराठीत करून करून वाचायला सुरुवात केली.

"प्रिय श्री. परेरा, आपण व आपल्या पत्नीनं हे स्टेशन सेल्फ-सर्व्ह करून स्वतः चालवायला घेण्यासाठी केलेला अर्ज, चौसष्ट ग्राहकांनी घेतलेली हरकत लक्षात घेता..."