गच्चीवरून गिरड

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची, संक्रांत होऊन गेल्यानंतरची. गिरडच्या घराच्या ओसरीवर जयवंताबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर दोन दुर्बिणी होत्या. दोन्ही मुठीत मावतील एवढ्याशा. सुनेनं, मयुरीनं, त्या मागवल्या होत्या. रोज जवळ बाळगायला जी सासूबाईंना बरी वाटेल ती ठेवायची, दुसरी परत करायची.

समोर टेकडी होती. वर दर्गा, आणि अर्ध्या वाटेवर, पायऱ्यांच्या कडेला कमलाबाईंचं नारळ-फुलांचं दुकान. दुकानामागच्याच खोलीत त्या राहायच्या. जयवंताबाईंचे गुडघे आता वर चढू देत नव्हते आणि कमलाबाईंचे खाली उतरू देत नव्हते. संध्याकाळी ओसरीवरून टेकडीवरचा तो ठिपका पाहायचा, तो हलला की जिवाला बरं वाटायचं. दोघी मैत्रिणींची एवढीच भेट उरली होती. म्हणूनच मुलगा गजेंद्र किती दिवसांपासून पिपरी मेघेला, गाडीनं दीड तासावरच्या आपल्या घरी, चल म्हणत होता, तरी आईचा पाय निघत नव्हता.

"ही दहापट दाखवते, आई. अन् ही आठपट," मयुरी म्हणाली.

जयवंताबाईंनी आधी दहाची डोळ्यांना लावली. चष्मा आड आला, कडेला काळी चंद्रकोर दिसायला लागली. मयुरीनं रबराची कड मागे दुमडून दिली, मधलं चाक हळूहळू फिरवलं. पांढुरक्या धुक्यातून कमलाबाई पुढे आल्या. नाकातली खडी दिसावी इतक्या जवळ. पण जयवंताबाईंचा हात थरथरायचा, त्यामुळे त्या विहिरीतल्या सावलीसारख्या हलत होत्या. नजरेत धराव्या तर विस्कटत होत्या.

मग आठाची लावली. कमलाबाई लहान झाल्या, पण थांबल्या. त्यांच्या मागच्या पायऱ्या, चिंचेचं झाड, उतरतं ऊन, सगळं त्यांच्याभोवती येऊन बसलं. दिवस कलला होता, तरी हिच्यात उजेड जास्त होता. कमलाबाईंनी झेंडूच्या माळा झटकल्या, हात कमरेवर ठेवला आणि खाली गावाकडे पाहिलं.

"कमले," जयवंताबाई हळूच म्हणाल्या, "चाय पेली का व?"

आणि उत्तराची वाट पाहत राहिल्या.

गजेंद्र खो खो हसला. "माय, दुर्बीण हाय थे. फोन नाई."

"चूप रे. इकडंच पाहून राह्यली ते."

मयुरीला मात्र हसू आलं नाही. ओसरीवरचं ऊन भिंतीवर चढत गेलं, तरी सासूबाईंनी डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मयुरे, पिपरीच्या गच्चीवरून यातल्या कोनतीतून दिसन कमली?"

गजेंद्रचं हसू जागच्या जागी राहिलं. "माय, अवं मंधात केवढं..."

"दिसते ना, आई," मयुरी म्हणाली. "आपल्या गच्चीवरून सगळंच दिसते."

"मले बनवून नाई राह्यली ना?"

"नाई."

हे बोलताना मयुरीनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, टेकडीकडे पाहिलं.

"मंग येते मी," जयवंताबाई म्हणाल्या. त्यांनी दहाची दुर्बीण डब्यात घातली आणि आठाची पदराखाली घेतली.

"आई, इतक्या दूरचं पाह्यचं तर ती दहाची..."

"तोंड तर तिचं मले पाठ हाय, मयुरे. हाललं नाई पाह्यजे, बस."

पिपरीला आल्या त्याच संध्याकाळी त्या मयुरीच्या खांद्याला धरून गच्चीवर चढल्या. उगवतीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या. घरांवरच्या टाक्या, टॉवर, त्यांच्यापलीकडे कापसाच्या पऱ्हाटीची वावरं, आणि त्याच्याही पलीकडे निळसर काहीतरी. ढग म्हणावं तर ढग, टेकडी म्हणावं तर टेकडी. त्या पाहत राहिल्या. दोरीवरचे कपडे काढता काढता मयुरीचा हात थांबला.

"दिसली," त्या म्हणाल्या, आणि फोन मागून घेतला. "कमले, आज जांभळं लुगडं नेसली ना व?"

पलीकडून आधी बांगड्या वाजल्या. मग आवाज आला, "हाव व! तुले कसं समजलं?"

"दिसते मले," जयवंताबाई म्हणाल्या, आणि मुलाच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या.

मग रोज तसंच. कधी हिरवं, कधी पिवळं, कधी लाल काठाचं. एकदाही चूक नाही. गजेंद्रनं हिशेब लावणं सोडून दिलं. तोही संध्याकाळी विचारू लागला, "काय माय, आज काय म्हनते टेकडी?"

दहाची दुर्बीण त्याच आठवड्यात परत गेली होती. पुढे गजेंद्रची हिंगणघाटला बदली झाली, तो रोज येणं-जाणं करतो. गिरडचं घर त्यानं विकलं नाही, शाळेतल्या एका बाईंना राहायला दिलं. जयवंताबाई गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे झोपेतच गेल्या. कमलाबाईंचं दुकान आता त्यांची भाची पाहते, त्या बाजूला बसून असतात.

सासूबाईंचे दिवस झाल्यावर मयुरी दुर्बीण घेऊन टेकडी चढली आणि ती कमलाबाईंच्या हातात दिली. त्यांनी भिंगावरची धूळ पदरानं पुसली.

"मावशी," मयुरीनं विचारलं, "आमच्या आईंचं एकदाबी कसं नाही चुकलं?"

"चुके ना व. रोजच चुके," कमलाबाई म्हणाल्या. "फोन ठेवला का मी आत जात होती, अन् ती सांगे थे नेसून बाहेर येऊन बसत होती. पिवळं नव्हतं माह्याजवळ, तर भाचीचं मांगून नेसली. तिनं येवढ्या दूरून पाह्यलं, थे खोटं कायले पडू द्याव?"